भट्टीची उजवी नळी

परभणी जिल्ह्यात मी एका सहीसाठी गेले होते. देवदर्शन, लग्नकार्य, नातलग यातलं काही नव्हतं. एक टाइप केलेला कागद, त्याच्या तळाशी टिंबांची रेघ, आणि त्या रेघेवर एका निवृत्त माणसाची सही, बस. रत्नागिरीहून एवढ्यासाठी निघालीस, डोकंबिकं फिरलंय का, असं नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, फिरलंय, पण कशानं ते तुला कळायचं नाही. खरं सांगायचं तर ते मलाही नीटसं कळलेलं नव्हतं, आणि जाऊन आल्यावर तर फारच कमी कळतंय. तरी लिहिते.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि आठ वर्षं नोकरी सांभाळून पीएचडी करतेय. विषय अतिवाहक पदार्थ. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांच्यातून वीज विनाअडथळा वाहते. एरवी ठेचकाळत जाणारे इलेक्ट्रॉन त्या थंडीत जोड्या जुळवतात, आणि जोडीनं निघाले की कशालाच अडत नाहीत. शिशासारख्या साध्या धातूत ही जोडी कोण जुळवतं ते ठाऊक आहे. अणूंची जाळी असते, तिची कंपनं जुळवतात. तांब्याच्या ऑक्साइडच्या ज्या काळ्या टिकल्यांवर आम्ही काम करतो, त्यांच्यात कोण जुळवतं यावर जगभरचे शहाणे अजून भांडतायत. त्यात आणखी एक भानगड. टिकली अतिवाहक व्हायच्या बरीच आधी, ती पुरेशी थंडही नसताना, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत एक अर्धवट फट पडायला लागते. खरी फट नंतर पडते, ही आधीच. हिला स्यूडोगॅप म्हणतात. मी घरात खोटी फट म्हणते.

ही खोटी फट पाडण्यात जाळीच्या कंपनांचा हात आहे का, हे ओळखायची एक युक्ती आहे. टिकलीतला साधा ऑक्सिजन काढून जड जातीचा ऑक्सिजन भरायचा. रसायन तेच, अणू तेवढे जड, त्यामुळे जाळी सावकाश हलते. आता फट वेगळ्या तापमानाला पडली तर कंपनांचा हात आहे, नाही तर नाही. माझ्या सरांनी हा प्रयोग मी त्यांच्याकडे जायच्या कितीतरी आधी केला होता. एका टिकलीचे दोन तुकडे, एकाच भट्टीत शेजारी शेजारी दोन नळ्यांत. एका नळीत साधा वायू, दुसरीत जड. अशा तीन खेपा. वहीत तुकड्यांची नावं ‘उ’ आणि ‘डा’, आणि वर सरांच्या अक्षरात, ‘जड वायू उजव्या नळीत’. पहिल्या दोन खेपांत ‘उ’ तुकड्यात फट उशिरा पडली, म्हणजे जास्त थंड केल्यावर. तिसरी खेप नेमकी उलट आली, म्हणून सरांनी त्या पानावर लाल शाईत ‘बाद’ लिहून खाली सही ठोकली.

सर गेल्या वर्षी गेले. तुकडे दमट हवेनं कधीच भुगा झाले. वजनावरून जड तुकडा ओळखता आला असता, पण वजनांचं पान वहीत नाही. उरली ती वही, आणि तिच्यातल्या पहिल्या दोन खेपांवर उभं असलेलं माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. प्रबंध द्यायला आठ दिवस राहिले, आणि नव्या मार्गदर्शक मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, “जड तुकडा कुठला, हे सरांच्या माघारी कोण सांगू शकेल? तेवढं लेखी आणा.” सरांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत भट्टीवर काम करणारे गंगाधरमामा तेवढे हयात होते. ते निवृत्तीनंतर गावी, ताडकळसला, शेती बघत होते.

मी मजकूर तयार केला. ‘प्रयोगाच्या वेळी जड वायू उजव्या नळीला मी स्वतः जोडला होता.’ एक ओळ. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

परभणी

सकाळी परभणीला उतरले तेव्हा हवेत ओलावा नावालाही नव्हता. आमच्याकडे दिवाळीनंतरसुद्धा टॉवेल वाळत नाही, इथे माझे ओठ तासाभरात फुटले. स्टँडजवळच्या हॉटेलात मी पोहे मागितले तर मालक म्हणाला, “पोहे संपले. सुशीला हाय.” मला वाटलं, बायकोचं नाव सांगतोय. मग त्यानं बशी पुढे ठेवली. भिजवलेले चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट, वरून कोथिंबीर. हीच सुशीला. मी दोन बशा खाल्ल्या आणि पुढच्या तीन दिवसांत मला जे जे कळलं त्यातली ही एकच गोष्ट मी खात्रीनं सांगू शकते.

एसटीत शेजारी एक आजी बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी पदर नाकाला लावला.

“बाई, कशाचा वास यायलाय?”

वास माझ्या पिशवीतून येत होता. सर नेहमी सांगायचे, मामांना मासे फार आवडायचे, म्हणून मी सुक्या जवळ्याची अर्धा किलोची पुडी आणली होती. आजींना तसं सांगितल्यावर त्यांनी कुणाकडे जायचंय ते विचारलं. मी नाव सांगितलं.

“गंगाधर व्हय? त्येनी माळ घालून लय वर्सं झाली की. मासळी काय, कांदा बी इचारून खातेत.”

आली का पंचाईत. पुडी कुठे टाकावी तेही सुचेना. आजींनी मात्र मला घराची खूण नीट सांगितली. “मारुतीच्या उजव्या अंगाला तिसरं घर. पत्र्याचं फाटक. कुणाला इचारायची गरज न्हाई.”

ताडकळस

गावात बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी मेथी, वांगी, दोरखंड, विळे, प्लास्टिकच्या घागरी, आणि मधून मोटारसायकली. मारुती सापडला. मी देवळासमोर उभी राहिले, हात जोडले, उजवीकडे वळले, तिसरं घर मोजलं. फाटक पत्र्याचंच होतं. आतल्या बाईंनी “या, बसा” म्हटलं, पाणी दिलं, चहा टाकला, चहा झाला, आणि कपबशी उचलताना विचारलं, “तुमी कोन म्हनायच्या?”

आमच्याकडे हे उलटं असतं. आधी कोण, कुठले, कुणाकडचे, आणि मग पटलं तर पाणी. मी गंगाधरमामांचं नाव सांगितलं तेव्हा त्या बाई हसायला लागल्या. “त्यांचं घर तिकडल्या बाजूला. पण बसा वो, च्या झाला न्हवं.”

देवळाच्या दुसऱ्या अंगाला तिसरं घर, तेही पत्र्याच्या फाटकाचं. गंगाधरमामा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. उंच, काटक, गळ्यात तुळशीची माळ. मी उशीर का झाला ते सांगितलं आणि आजींनी चुकीची खूण दिली म्हणून जरा कुरकुरले. आतून सुंदरामामी म्हणाल्या, “चुकीची कशी? मारुतीच्या उजव्या अंगाला म्हनल्यावर मारुतीचंच उजवं धरावं की. तुमचं कामून धरलं?”

मला ते तेव्हा विनोदी वाटलं. माझं लक्ष पुडीकडे होतं. ती मी फाटकाबाहेर लिंबाच्या फांदीला टांगून आले होते आणि एक मांजर तिच्याखाली बसून होतं.

मामांना मी फोनवर फक्त ‘भेटायला येते’ एवढंच म्हटलं होतं. सर गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. ते बराच वेळ सरांबद्दल बोलले. सर भट्टीपाशी डबा कसे खायचे, चिमटा सापडला नाही की कसे चिडायचे, दिवाळीला मामींना साडी कशी पाठवायचे. पुण्यात पंचवीस वर्षं काढल्यामुळे मामांच्या बोलण्यात शहर आणि गाव दोन्ही होतं. मी कागद काढला तसा त्यांचा चेहरा उतरला.

“माझी सही कशाला बाई? न्हाई, माझी नका घेऊ.”

“मामा, एकच ओळ आहे. वाचा तरी.”

त्यांनी वाचली. दोनदा वाचली. मग कागद मांडीवर ठेवला. “तिसऱ्या खेपेला माझ्या हातनं बिघडलं. सर म्हणले, मामा, तुमी तुकडे बदलले, घोळ घातला. सगळ्यांसमोर म्हणले. माझ्या सहीला काय किंमत?”

मी म्हटलं, तिसरी खेप आम्ही धरलेलीच नाही, ती बाद आहे. मला वाटलं, यानं त्यांना बरं वाटेल. मामी भाकऱ्या थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

“त्याच्यानंतर ह्येनला भट्टीपशी येऊ दिलं न्हाई,” त्या आतूनच म्हणाल्या. “फरशी पुसायला लावली. दोन वर्सं ऱ्हायली व्हती नौकरीची, पर ह्येनी गावाकडं आले.”

“सोड ते,” मामा म्हणाले.

“मी कशी सोडू? दोन महिने धड जेवला न्हाईत तुमी.”

पहिल्या दोन खेपांत जड वायू उजवीकडेच होता ना, एवढं मी विचारलं. मामांनी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, “उजवीकडंच. तिन्ही खेपेला. सरांनी सांगितलं उजवीकडं लाव, मी उजवीकडं लावला. देवाशपथ.” मग त्यांनी चष्मा लावला, कागद पाटावर ठेवला आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आमटी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मामींनी न विचारता दही वाढलं. आम्ही भातवाले लोक. भाकरी कुस्करायची की मोडायची यावरून माझा गोंधळ झाला, तेव्हा मामी म्हणाल्या, “कशी बी खावा, पोटातच जायलीय.” सही पिशवीत होती. आठ वर्षांचं ओझं उतरलं असं मला वाटलं, आणि मी हावरटासारखी तिसरी भाकरी घेतली.

शेतात

दुसऱ्या दिवशी अकराची बस होती. मामा हरभरा पेरायला निघाले होते. मामी म्हणाल्या, चला की, आमचं शेत तरी बघा. मी गेले. काळी जमीन, तूर डोक्याएवढी उभी, कापसाची बोंडं फुटलेली, आणि वारा कोरडा. कुठेच चढ नाही, उतार नाही. आमच्याकडे घरातून बाहेर पडलं की एक तर चढायचं असतं नाही तर उतरायचं. इथे मला दिशाच लागेना.

मामांनी तिफण जुंपली. वर बी टाकायचं लाकडी चाडं, त्याच्यातून खाली गेलेल्या तीन नळ्या, पुढे बैलजोडी. एक तांबूस, एक पांढरा. मामींनी माझ्या हातात भाकरीचे दोन तुकडे दिले.

“आदी उजव्याला द्या. लाख्या हाय तो. त्येला आदी दिलं न्हाई की रुसतो.”

मी बैलांच्या समोर गेले आणि उजव्या हाताच्या बैलाला तुकडा दिला. दुसऱ्यानं मान झटकली आणि फुरफुर केली. मामी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“बाई, ह्यो हौशा. उजवा त्यो,” मामा मागून म्हणाले.

“माझ्या उजव्या हाताला तर हाच आहे.”

“तुमच्या हाताला काय करायचंय? तुमी तोंडाकडं उभ्या हाव. बैलाचं उजवं-डावं मागनं बगायचं, जितं कासरा धरतेत तितनं. तुमी पुढं जावा, मागं जावा, लाख्या उजवाच ऱ्हातो. तुमी फिरल्या म्हणून त्यो डावा व्हतो का?”

मी दुसरा तुकडा लाख्याला दिला. तो खाईपर्यंत माझ्या डोक्यात मारुतीचं देऊळ आलं, तिसरं घर आलं, परक्या घरी घेतलेला चहा आला. आणि मग भट्टी आली.

“मामा,” मी म्हटलं, “भट्टीला तोंड कुठल्या बाजूला होतं?”

“दाराकडं. दार म्हंजे तोंडच की.”

“आणि वायूच्या नळ्या?”

“मागनं. मागं दोन भोकं व्हती. दोन हातात दोन नळ्या धरून मी मागं उभा. असा.” त्यांनी दोन्ही हातांत कासरा धरून दाखवला. मी न विचारता त्यांनी तसं केलं.

“सर कुठे असायचे?”

“पुढं. दारापशी, चिमटा घेऊन. गरम तुकडं तेच काढायचे, चिठ्ठ्या बी तेच लावायचे.”

मी बांधावर बसले. सरांनी भट्टीच्या तोंडाकडे उभं राहून सांगितलं, जड वायू उजवीकडे. मामांनी मागे उभं राहून तो उजवीकडे लावला. मग सरांनी पुढून आपल्या उजव्या हाताचा तुकडा काढला आणि त्याला ‘उ’ चिठ्ठी लावली. म्हणजे जड तुकडा ‘डा’ होता. दोन्ही खेपांत. माझं सगळं प्रकरण, त्यातली आकृती न् आकृती, उलटी होती.

आणि पिशवीत कागद होता. त्याच्यावरचा शब्दन् शब्द खरा होता. जड वायू मामांनी उजव्या नळीलाच जोडला होता. मॅडमना दुसरं काही नको होतं. हौशा न् लाख्याला उजवं-डावं कुणी विचारणार नव्हतं. मी हे लिहायला लाजतेय, पण एक मिनिटभर मी अकराची बस धरायचं ठरवलं होतं. आठ वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. पोरीची दहावी, सासूबाईंचं आजारपण, सगळ्यातून चोरलेली वर्षं होती ती. मला सरांचा राग आला, मामांचा आला, त्या बैलांचासुद्धा आला.

मग माझ्या डोळ्यांपुढे ते लाल अक्षर आलं.

“मामा, तिसऱ्या खेपेला तुकडे कोणी काढले?”

मामांनी मान खाली घातली. “मीच. सरांना ताप व्हता. नळ्या बी मी लावल्या, तुकडं बी मीच काढले. म्हणून तर घोळ झाला म्हणले.”

“चिठ्ठी कशी लावलीत?”

“उजवीच्या तुकड्याला उ. डावीच्याला डा. दोनदा बगून लावली.”

“पुढून काढताना तुमच्या उजव्या हाताची, की भट्टीची उजवी?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. आदल्या दिवशी मारुतीच्या उजव्यावरून मामींनी मला विचारलं होतं त्याच सुरात म्हणाले, “भट्टीचीच. माझ्या हाताला काय करायचंय?”

मी काडी घेऊन मातीत भट्टी काढली. चौकोन, तोंड, दोन नळ्या, पुढे एक माणूस, मागे एक. मी दोनदा चुकले. एकदा दोन्ही तुकडे एकाच नळीत गेले, एकदा सर भट्टीच्या मागे गेले. तिसऱ्यांदा मी फोनमध्ये वहीच्या पानांचे फोटो उघडले आणि एक एक खेप मोठ्यानं बोलत गेले. पहिल्या खेपेत जड तुकडा खरा ‘डा’, आणि फट ‘डा’त आधी पडलेली. दुसऱ्या खेपेत तेच. तिसऱ्या खेपेत चिठ्ठी मामांची, म्हणून जड तुकडा ‘उ’, आणि फट ‘उ’त आधी पडलेली. तिन्ही खेपा एकच सांगत होत्या. तिसरी कधी उलट आलीच नव्हती. सुलट फक्त तीच लिहिली गेली होती.

हे कळायला मामांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. चौकोनाकडे बघता बघता त्यांनी हातातलं बियाण्याचं टोपलं खाली ठेवलं.

“मामा, तुम्ही घोळ घातला नव्हता,” मी म्हटलं. “तीनपैकी चिठ्ठ्या बरोबर असलेलं पान एकच आहे. तुमचं.”

मामा उठले, चाड्यावर मूठ धरली, बैलांना हाक दिली आणि तिफण घेऊन निघून गेले. पार दुसऱ्या बांधापर्यंत. मला वाटलं, यांना राग आला. एवढ्या वर्षांनी एक बाई येते आणि मातीत रेघा ओढून सांगते, ह्याला कोण काय करणार? मी मामींकडे बघितलं. त्या तिफणीकडे बघत होत्या. तिकडच्या टोकाला मामांनी जोडी वळवली आणि सावकाश परत आले. जाताना तीन आणि येताना तीन, सरळ ओळी पडल्या होत्या. कासरा मामींच्या हातात देऊन ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

“परत सांगा,” ते म्हणाले. “मोठ्यानं. हिला आयकू द्या.”

मी परत सांगितलं. खोटी फट, जड ऑक्सिजन, जाळीची कंपनं, सगळं. मामींना त्यातलं अक्षर कळलं नसावं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंग ह्येनी बरोबर व्हते?”

“हो मामी.”

मामींनी तोंड फिरवलं आणि लाख्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मलाही रडू आलं, आणि ते थोडं माझ्या प्रबंधासाठीही होतं, हे कबूल करते.

सही केलेला कागद मी त्यांच्यादेखत फाडला. कोऱ्या कागदावर हातानं नवीन लिहिलं. कोण कुठे उभं होतं, चिठ्ठ्या कोणी लावल्या, सगळं. खाली मातीतल्यासारखा चौकोन काढला. मामांनी सही करायच्या आधी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचलं. एका ठिकाणी मी ‘सरांची चूक’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, “हे काडा. त्यांनी चूक न्हाई केली. ते पुढं व्हते. मीच कधी इचारलं न्हाई, उजवं कुणाचं म्हणून.”

“त्यांनीही विचारलं नाही, मामा.”

“ते मोठे व्हते,” मामा म्हणाले. मी ते शब्द खोडले.

अकराची बस गेली होती. दुपारच्या बसला मामींनी धपाट्यांचा डबा बांधून दिला. फाटकाबाहेर पुडीचा नुसता कागद पडला होता, आणि मांजर भिंतीवर तोंड पुसत होतं.

घरी

मॅडमनी तो कागद तीनदा वाचला. आतापर्यंत कुणी विद्यार्थ्यानं स्वतःच्या विरुद्ध पुरावा आणून दिला नव्हता, असं त्या म्हणाल्या. ही शाबासकी होती की खरडपट्टी, मला समजलं नाही. प्रबंध सहा महिने पुढे गेला. नवऱ्यानं विचारलं, सही मिळाली ना मग? मी म्हटलं, मिळाली, म्हणूनच.

कोडं काही सुटलेलं नाही. जाळी जड झाली, सावकाश हलायला लागली, तर खोटी फट आधी का पडावी? अजून पुरेशी थंडी नसताना का? आठ वर्षं मी याच्या उलट कसं होतं ते छान पटवून देत होते. वाईट म्हणजे आता हेही मला तितकंच छान पटवून देता येतं. रात्री आडवी झाले की दोन्ही बाजूंनी युक्तिवाद सुचतात आणि मी कुठल्या बाजूला उभी आहे तेच कळत नाही.

एक काम तेवढं केलं. सरांची वही माझ्याकडे आहे. तिसऱ्या खेपेचं पान उघडलं आणि लाल ‘बाद’वर रेघ मारायला पेन उचललं. मग वाटलं, आधी मामांना विचारावं. फोन लावला. मागून मामींचा आवाज येत होता, हरभरा उगवून वर आलाय म्हणून सांगत होत्या.

“खोडू नका,” मामा म्हणाले. “सरांचं अक्षर हाय, ऱ्हाऊ द्या. खाली सरांची सही हाय, तिच्या खाली बी नका लिहू. शेजारी लिहा.”

“कुठल्या बाजूला?”

मामा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं.

“तुमच्या उजव्या हाताला,” ते म्हणाले. “आता तुमी पुढं हाव.”

मी सरांच्या सहीच्या उजव्या बाजूला निळ्या शाईत लिहिलं, ‘ही खेप ग्राह्य. नळ्या जोडल्या, तुकडे काढले, चिठ्ठ्या लावल्या, सर्व गंगाधरमामांनी.’ खाली तारीख घातली आणि वही उघडीच ठेवली, शाई वाळायला. आमच्याकडे वेळ लागतो.